हॅरॉल्डच्या रायफलचा खटका

"रिकामी आहे. बाबा गेल्यापासून तिला कुणी हातसुद्धा लावलेला नाही," कार्ल म्हणाला आणि त्याने गाडीच्या डिकीतून जुन्या ब्लँकेटमध्ये गुंडाळलेली रायफल माझ्या हातात दिली.

ऑफिसपासून दूर, एका हार्डवेअरच्या दुकानाच्या पार्किंग लॉटमध्ये आम्ही उभे होतो. २००६ सालचा हिवाळा. तोंडातून वाफ निघत होती. कार्ल माझा बॉस. ईडन प्रेरी या गावात वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत मी क्वालिटी इंजिनिअर होतो. पार्ट मोजायचे, बिघडलेला पार्ट का बिघडला ते शोधायचं आणि रिपोर्ट लिहायचा, हे माझं काम.

रायफली हा माझा छंद. ग्रीन कार्ड आल्यावर लागलेला. मी शिकारीला कधी गेलो नाही, पण खारी आणि सशांच्या शिकारीच्या जुन्या, लहान रायफली दुरुस्त करायला मला आवडायचं. गंज काढायचा, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता नव्याने घडवायचा, मालकाच्या खांद्याला बसेल असा कमी-जास्त करायचा. ऑफिसात दोघातिघांच्या केल्या होत्या. कार्लला तेवढंच माहीत होतं.

"माझ्या मुलीला द्यायची आहे," तो म्हणाला. "आजोबांची आठवण. उन्हाळ्यापर्यंत कर, घाई नाही." डिकी बंद करताना सहज बोलल्यासारखं म्हणाला, "नाहीतरी ती घराबाहेर काढायचीच होती. आईला भास होतात. म्हणते, तळघरात हॅरॉल्डचा खटका वाजतो."

"रायफलचा खटका?"

"बाबा दुपारी खाली बसून रिकाम्या रायफलीचा ट्रिगर ओढत बसायचे. टक. थोड्या वेळाने पुन्हा टक. ते जाऊन तीन वर्षं झाली. आईला अजून ऐकू येतं. डॉक्टर म्हणतात, ही स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे. वृद्धांच्या एका होममध्ये जागा मिळते आहे. महिनाअखेर हलवतोय."

तो हे पार्ट नंबर सांगावा तशा आवाजात बोलला. मी मान हलवली.

शनिवारी जेवण झाल्यावर मी बेसमेंटमधल्या माझ्या बेंचवर रायफल घेतली. आधी रिकामी आहे ना ते बघायचं, हा पहिला नियम. मी बोल्ट मागे ओढला. बोल्ट म्हणजे कडीसारखा सरकणारा भाग, जो काडतूस नळीत ढकलून मागचं तोंड बंद करतो. चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, रिकामी होती. या रायफलीत जादा काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या एका लांब नळीत एकामागे एक राहतात. तिच्यातली स्प्रिंगची कांडी मी बाहेर काढली. रायफल उलटी करून हलवली. काही पडलं नाही. आत टॉर्च मारली. काळं दिसलं. वाळलेलं ग्रीस असणार, असं समजून पुढे गेलो.

मग चेंबरची कड भिंगाखाली धरली.

याला रिमफायर रायफल म्हणतात. यातल्या काडतुसाची दारू पेटवणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो, त्यामुळे आतली पिन बरोबर त्या कडेवर आपटते. काडतूस नसताना ट्रिगर ओढला तर पिन चेंबरच्या पोलादावर आपटते आणि तिथे खाच पडते. इथे खोल खाच होती. हॅरॉल्डच्या दुपारी म्हणजे ही खाच. त्याचं नवल नव्हतं. पण खाचेचा तळ चकाकत होता.

तीन वर्षं पडून राहिलेलं पोलाद असं चकाकत नाही, काळवंडतं. आजूबाजूचं सगळं काळवंडलेलंच होतं. फक्त ती तिळाएवढी जागा काल-परवा ठोकल्यासारखी लखलखत होती.

मी भिंग पुसलं आणि पुन्हा पाहिलं. फरक पडला नाही.

ट्रिगर किती जोर घेतो ते मोजायचं होतं. बोल्ट मागे-पुढे केला, की आतली स्प्रिंग ताणून पिन मागे अडकते. तेवढं करून मी रायफल बेंचवरच्या शिकंजात आवळून उभी धरली. इतक्यात माझ्या बायकोने, सुजाताने, वरून चहाला हाक मारली. मी तशीच ठेवून वर गेलो.

चहा घेत होतो. आमची मुलगी मैत्रेयी टेबलावर होमवर्क करत होती. बाहेर बर्फ पडत होता, आणि बर्फ पडताना घर असतं तसं अगदी शांत होतं.

खालून आवाज आला. टक.

सुजाताने माझ्याकडे पाहिलं. "खाली कोण आहे?"

"कुणी नाही."

"बाबा, समवन इज डाउन देअर," मैत्रेयी म्हणाली. तिची पेन्सिल थांबली होती.

मी जिन्यावरून खाली गेलो. दिवा मी लावून ठेवला होता तसाच चालू. मागचं दार आतून बंद. रायफल शिकंजात होती. ट्रिगरला कुणी शिवलेलं नव्हतं, पण पिन सुटलेली होती. मी लहान मूल नाही. तरी एकदा वॉटर हीटरच्या मागे वाकून पाहिलंच.

मग इंजिनिअर जागा झाला. मी पुन्हा बोल्ट ओढला, पुढे ढकलला, स्टूल घेऊन समोर बसलो. दहा मिनिटं झाली, वीस झाली. घर तापवणारा फर्नेस सुरू झाला, गरम हवा आली, फर्नेस बंद पडला. हवेच्या नळाचे पत्रे निवायला लागले. आणि माझ्या डोळ्यांदेखत, हाताच्या अंतरावर, ती रायफल आपोआप वाजली. टक.

ट्रिगरचा भाग उघडून पाहिला आणि कारण समजलं. ताणलेली पिन धरून ठेवायला एक छोटी खिट्टी असते, तिला सीअर म्हणतात. ट्रिगर ओढला की ती खिट्टी सुटते. हॅरॉल्डने ट्रिगर हलका व्हावा म्हणून ती कानसीने घासली होती. बरेच हौशी लोक घासतात. याने जास्तच घासली. केसाएवढी कड उरली होती. गरम-गार झाली की ती कणाकणाने सरकायची आणि शेवटी सुटायची.

म्हणजे कार्लच्या आईला भास होत नव्हते. पण रायफल वाजायला आधी ती कुणीतरी ताणावी लागते. वाजून गेल्यावर पुन्हा ताणावी लागते. आणि कार्ल म्हणाला होता, कुणी हात लावलेला नाही.

सोमवारी मी त्याच्या केबिनमध्ये गेलो.

"आवाज खरा आहे," मी म्हणालो.

त्याने कीबोर्डवरून हात उचलले. मी खाच, खिट्टी, सगळं सांगितलं.

"आणि ताणतं कोण?"

"तेच विचारायला आलोय."

"घरात आई एकटी असते. तिला बंदुकीतलं काही कळत नाही. आयुष्यात तिने एक गोळी झाडलेली नाही." मग म्हणाला, "तू रायफल दुरुस्त कर. माझ्या आईला दुरुस्त करायला सांगितलं नव्हतं."

मी उठलो. बॉस होता.

मंगळवारी ऑफिसातून येऊन काळोख पडताच मी साफसफाईला बसलो. खालच्या नळीत गज घातला. बाहेरून नळीची लांबी मोजली होती. गज तेवढा आत जायला हवा होता. तो वीतभर आधीच अडला.

गज बाहेर काढला, मोजपट्टी लावली. मोजण्यात माझी चूक होत नाही, तेच तर माझं काम. तरी तीनदा मोजलं.

मी रायफल गॅरेजमध्ये नेली. नळीचं तोंड वाळूच्या पोत्यात खुपसलं, बोल्ट पूर्ण काढून बाजूला ठेवला आणि आत तेल सोडून दोन तास नुसता बसून राहिलो. मग लाकडी काडीने मागून हळूहळू ढकललं. ठोकलं नाही. शेवटी ते घसरत आलं आणि फडक्यावर पडलं. हिरवा गंज चढलेलं, वाळलेल्या ग्रीसमध्ये माखलेलं एक काडतूस. जिवंत.

ते ग्रीसमध्ये चिकटून बसलं होतं म्हणून पुढे सरकत नव्हतं. जरा ऊब लागली असती, जरा धक्का बसला असता, तर कुठल्याही एका वेळी बोल्टने ते उचलून चेंबरमध्ये बसवलं असतं. आणि मग थोड्या वेळाने, आपोआप, टक.

शनिवारी शिकंजात रायफल उभी होती. तोंड वर. वर स्वयंपाकघर. मैत्रेयीची खुर्ची. मी टॉर्च मारून ग्रीस समजलो होतो. त्या मंगळवारी रात्री मी जेवलो नाही. सुजाताला कारण सांगितलं ते फार नंतर. त्यानंतर दोन महिने बेसमेंटचं दार उघडलं की तिचा हात आपोआप मैत्रेयीच्या खांद्यावर जायचा.

बुधवारी कार्लला एवढंच म्हणालो, "शनिवारी तुझ्या आईकडे जाऊ. रायफल घेऊन. मी ती अजून दुरुस्त केलेली नाही." माझा चेहरा पाहून त्याने वाद घातला नाही.

कार्लच्या आईचं, डोरोथीचं, घर शहरापासून तासाभरावर, गोठलेल्या तळ्याच्या काठी. ऐंशीच्या पुढची, बारीक, ताठ बाई. कॉफी तयार ठेवली होती. माझ्या ओठांवर 'काकू' येत होतं. तिने "डोरोथी म्हण" असं दोनदा सांगितलं.

तळघरात भिंतीवर दोन लाकडी खुंट्या होत्या. रायफल आडवी ठेवायच्या. खुंट्यांच्या रेषेत, खोलीच्या दुसऱ्या टोकाला एक झुलती खुर्ची होती. तिच्यावर अर्धवट विणलेला स्वेटर.

"तुम्ही बसता इथे?" मी विचारलं.

"रोज दुपारी. तो वाजवतो तेव्हा मी इथेच असते."

कार्लने खाली पाहिलं.

काडतूस माझ्या खिशात होतं. रायफल मी त्या सकाळी दोनदा तपासली होती, घरात शिरताना तिसऱ्यांदा. ती डोरोथीच्या हातात दिली. "ही खुंटीवर ठेवाल? नेहमी ठेवता तशी."

तिने एप्रनच्या टोकाने नळी पुसली. दस्ता पुसला. मग बोल्टची मूठ उचलली, मागे ओढली, पुढे ढकलली, खाली दाबली. सगळं इतक्या सवयीने, की तिचं लक्षही नव्हतं. रायफल खुंट्यांवर ठेवली. तोंड बरोबर खुर्चीकडे.

"आई, हे काय केलंस?" कार्लने विचारलं.

"पुसली. रोज सकाळी पुसते."

"ती मूठ."

"हॅरॉल्ड रोज हलवायचा. नाही हलवली तर गंज धरते म्हणायचा. मी ट्रिगरला कधी हात लावत नाही हं."

कार्ल काही बोलणार होता. मी हाताने थांबवलं. आम्ही तिघं बसलो. डोरोथी खुर्चीत बसणार होती, तिला मी माझ्या शेजारी बाकावर बसवलं. फर्नेस सुरू झाला. बंद झाला. कॉफी गार झाली. खिडकीतला उजेड राखेसारखा होत गेला. मला माहीत होतं काय होणार आहे, तरी मी खुंट्यांवरून नजर काढली नाही.

टक.

कार्ल ताडकन उभा राहिला. रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिला.

"ऐकलंस?" डोरोथीने विचारलं.

"ऐकलं, आई."

"मी सांगत होते."

मग मी खिशातलं काडतूस काढून बाकावर ठेवलं आणि कुठे मिळालं ते सांगितलं. कार्ल खाली बसला. त्याने आईचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. एवढा मोठा डायरेक्टर, मीटिंगमध्ये माणसं त्याच्यापुढे चळचळा कापायची.

होमची जागा त्याने सोडली. डोरोथी त्या घरात आणखी बरीच वर्षं राहिली. मी नवी सीअर बसवली, खाच ठोकून सारखी केली, दस्ता नातीच्या मापाने आखूड केला. आता ती रायफल ट्रिगर ओढल्याशिवाय वाजत नाही. मी आठवडाभर ताणून ठेवून पाहिलं.

एक गोष्ट राहिली. त्या शनिवारी निघताना कार्ल गाडी गरम करायला बाहेर गेला, तेव्हा डोरोथीने दारात माझी बाही धरली.

"तू हुशार आहेस," ती म्हणाली. "पण एक सांग. रायफल आठवडाभर तुझ्याकडे होती ना?"

"हो."

"मंगळवारी वाजलं. गुरुवारीही."

मी परत तळघरात उतरलो. हवेच्या नळाचे पत्रे ठोकून पाहिले, पाइप पाहिले, खुंट्या हलवून पाहिल्या. कार्लने बाहेरून हॉर्न दिला तोपर्यंत बघत होतो. काही सापडलं नाही. वर आलो तेव्हा ती शांतपणे कप विसळत होती. घाबरलेली मुळीच दिसत नव्हती.

कार्लला मी हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने पुन्हा डॉक्टरला फोन केला असता.

त्यानंतर शेकडो रायफली हाताखालून गेल्या. कुणी "रिकामी आहे" म्हणालं, की मी "बरं" म्हणतो आणि गज घालून मोजतो. टॉर्चवर विश्वास ठेवत नाही.