फोन पॅसेंजरने घ्यायचा

आमच्या रिक्षावाल्या चाचांच्या रिक्षात बसलं की त्यांचा मोबाइल माझ्या मांडीवर यायचा. मोबाइल तेव्हा नवलाचा होता आणि त्यांची लेक मस्कतला. तिचा फोन चुकवायचा नाही, पण गाडी चालवताना घ्यायचाही नाही. म्हणून तो पॅसेंजरने घ्यायचा. "बाय, सांग, गाडीवर हायत." निरोपसुद्धा ते गाडी थांबल्यावरच ऐकायचे. "कान गेला की डोलं पन जातात गो." मला ते जरा अतीच वाटायचं.

एकदा शाळेत शिकवायला जाताना भाट्याच्या पुलावर फोन वाजला. जावई होता. लेक बाळंत झाली होती, मुलगी झाली होती. मला अगदी राहवेना. लेकीचे दिवस भरलेत हे चाचांनाही ठाऊक होतं, पण त्यांनी विचारलं नाही. मान तेवढी ताठ झाली. वेग होता तोच राहिला.

पूल ओलांडून त्यांनी सुरूच्या झाडांखाली रिक्षा बंद केली. "आता सांग."

मी सांगितलं. ते काही रिक्षा सुरू करेनात. शाळेची घंटा व्हायची वेळ झाली.

"चला ना चाचा, उशीर होतोय."

त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे धरले. थरथरत होते.

"असल्या हातांनी तुला कशी नेऊ?"