देवघराचा पॉइंट

लातुरात कुणी घर बांधायला काढलं, की त्याचं पहिलं भांडण गवंड्याशी होतं, दुसरं सुताराशी आणि तिसरं बायकोशी. लाइटवाल्याची पाळी येईपर्यंत अंगात भांडायचं त्राण उरत नाही. पण तोवर खिशात पैसेही उरलेले नसतात, म्हणून माणूस लाइटवाल्याशी सगळ्यांत चिवट भांडतो. मल्लिनाथ अप्पांनी अशी भांडणं तीस वर्षं खाल्ली आणि पचवलीही.

अप्पा दर लावायचे पॉइंटावर. दिवा एक पॉइंट, पंखा एक पॉइंट, त्याच बोर्डावरचा प्लग अर्धा, गिझर आणि एसी दोन-दोन. जिन्यातला दिवा खालून लागतो नि वरून विझतो, म्हणून तो दीड धरायचा की दोन, यावर औसा रोडच्या एका प्राध्यापकांनी अप्पांशी दोन दिवस वाद घातला आणि शेवटी जिन्यात दिवाच लावला नाही. आजही त्यांच्याकडं पाहुणे चाचपडत चढतात.

विटांच्या भिंती उभ्या राहिल्या की अप्पा खडू घेऊन हजर. अठ्ठावन्नाव्या वर्षीही मिशी काळीभोर. कलपाची बाटली मिशीपुरतीच पुरते, असं त्यांच्या जगदेवीबाई शेजारणींना सांगायच्या. अप्पा मालकाकडं बघायचेही नाहीत. थेट मालकिणीला विचारायचे, "वहिनी, भाकरी थापताना तोंड कुणीकडं? मिक्सर कुण्या हाताला?" वहिनी हरखून सांगत पुढं, अप्पा भिंतीवर फुल्या मारत मागं, आणि त्यांच्याही मागून मालक प्रत्येक फुलीला कण्हत यायचा.

पण भिंतीत जी तार सगळ्यांत मोलाची, तिला पॉइंट नाही. ती हिरवी तार, म्हणजे अर्थिंग. तिच्यानं दिवा लागत नाही, पंखा फिरत नाही. घराबाहेर पुरुषभर खड्डा खणायचा, त्यात तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ घालायचं. तिथून ही तार निघते, घरातल्या एकेका बोर्डाला जाते आणि जन्मभर गप्प बसते. फ्रीजच्या नाहीतर मशीनच्या पत्र्यात करंट उतरलाच, तर तो माणसाच्या अंगातून न जाता तिच्या वाटेनं जमिनीत जावा, एवढंच तिचं काम.

भूकंपानंतर निलंग्याकडं जिकडंतिकडं घरं उठत होती, तेव्हा अप्पा धंद्यात नवे होते. पहिल्या तीन घरांच्या कागदावर त्यांनी स्वच्छ लिहिलं: अर्थिंग, अमुक रुपये. तिन्ही मालकांनी नेमकी तीच ओळ खोडली. "जे दिसत न्हाई त्याचे पैसे कशाला, मिस्त्री?" चौथ्या घराच्या वेळी अप्पांनी ती ओळ लिहिलीच नाही. रक्कम उचलली आणि देवघराच्या पॉइंटात घातली.

आणि काय सांगावं! आपल्याकडचा माणूस संडासातल्या दिव्यासाठी पन्नास रुपयांवरून तासभर घासाघीस करील, पण देवासमोरच्या दिव्याचे पैसे कमी करा म्हणायला त्याची जीभ रेटत नाही. बायको शेजारीच उभी असते ना! फार तर एखादा म्हणायचा, "देवघराचं जरा जास्त वाटायलंय." अप्पा वर हात करून म्हणायचे, "देवाचं हाय, मालक." विषय संपला. तीस वर्षांत चारेकशे घरं झाली. चारशे घरच्या देवांनी मिळून चारशे खड्डे खणून दिले, आणि एकाही देवाला त्याचा पत्ता नव्हता.

असा हा पक्का माणूस फसला तो सोयरिकीत.

अप्पांची एकुलती एक लेक सुकन्या नांदेडला दिलेली. नवरा सिद्धेश्वर औषधांच्या दुकानात, माणूस सरळ. पण घरात शब्द चालायचा सासऱ्यांचा. हे रामलिंगराव कचेरीतून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालेले. तीन कोटेशनं घेतल्याशिवाय ते कोथिंबीरही घेत नसत. मुलाचं लग्न ठरवतानाही त्यांनी तीन स्थळांचा तुलनात्मक तक्ता केला होता म्हणे, आणि सुकन्येचं स्थळ त्यात सर्वांत परवडणारं ठरलं म्हणे. खरंखोटं बोलणाऱ्यांनाच ठाऊक. पण नांदेडात बोलणारे होते.

पाच वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत काढल्यावर रामलिंगरावांनी तरोड्याकडं दुमजली घर काढलं. व्याही लाइटवाला असताना खरं तर कोटेशनचा प्रश्नच नव्हता. पण रामलिंगरावांनी फोन केला, "व्याही, घरचं काम असलं तरी नियम मंजे नियम. तुमचा बी कागद पाठवा."

अप्पा नांदेडला गेले, सुकन्येला घेऊन भिंतीभिंतीवर फुल्या मारल्या आणि लातूरला येऊन कागद केला. चौऱ्याण्णव पॉइंट, सामानासकट हजाराचा दर. मजुरीत स्वतःचा नफा धरलाच नाही. आणि शेवटी, सवयीनं, देवघराचा पॉइंट: सतरा हजार.

जगदेवीबाईंनी चष्मा लावून कागद वाचला. "व्याह्यांना तरी खरं लिवा की."

"खरं लिवलं की खोडतात," अप्पा म्हणाले. "आन् त्या घरात आपली पोर ऱ्हाणार हाय."

तिथंच गणित चुकलं. ज्या घरात अर्थिंग हवंच होतं, त्याच घरी अप्पांनी ते लपवलं.

आठ दिवसांनी रामलिंगरावांनी बांधकामावर बैठक घेतली. सिमेंटच्या पोत्यांवर चौघेजण बसले: रामलिंगराव, सिद्धेश्वर, अप्पा आणि मुदखेडचा व्यंकट. हा व्यंकट नव्या दमाचा लाइटवाला. पॉइंट-बिइंट मोजत नसे, घर बघायलाही जात नसे, फोनवर विचारायचा, "किती फूट हाय?" आणि दर सांगून मोकळा. अठराशे फुटाला पंचावन्नचा दर, नव्याण्णव हजार. तिसरं कोटेशन नियमापुरतं होतं. ते देणारा आलाच नव्हता. पाण्याच्या टाकीपाशी सुकन्या चहाचे कप धरून उभी होती.

रामलिंगरावांनी अप्पांच्या कागदावर बोट ठेवलं. "व्याही, ही देवघराची काय भानगड हाय? सतरा हजार? देवाला एसी लावायलाव का काय?"

व्यंकट हसला. दुसऱ्या कुणाचं घर असतं तर अप्पांनी वर हात केले असते आणि विषय संपला असता. पण सुकन्या ऐकत होती.

"त्यात अर्थिंग हाय," अप्पा म्हणाले.

"मग अर्थिंग असं लिवायला शाई सरली व्हती?"

"लिवलं की लोक खोडतात."

"मंजे सगळ्यांनाच असं लावता?"

"पहिली तीन सोडली तर मी केलेल्या सगळ्या घरांत अर्थिंग हाय, व्याही. एक घर दाखवा..."

"ते न्हाई विचारलं मी. देवाच्या नावावर पैसे घेता का न्हाई, एवढं सांगा."

अप्पांनी मिशीवरून हात फिरवला. "घेतो," म्हणाले.

रामलिंगराव एवढे हसले, एवढे हसले, की पोत्यातून धूळ उडाली. तीस-बत्तीस वर्षं लोकांची बिलं तपासली, पण ही तऱ्हा त्यांना कधी सापडली नव्हती, आणि सापडली ती व्याह्यात!

व्यंकटला बहुधा दया आली. "काका, माझ्या कागदावर अर्थिंग उघड लिवलंय बगा. शेवटची ओळ. पंधरा हजार."

रामलिंगरावांनी कागद उलटला. खरंच होती ओळ. त्यांनी खिशातला लाल पेन काढला आणि ती ओळ खोडली. "मीटरपाशी लाइट बोर्डाचं अर्थिंग असतंयच की. दुबार कशाला?"

"तुमची मर्जी," व्यंकट म्हणाला. त्यानं खोटं काही केलं नव्हतं. पैसे दिले असते तर त्यानं खड्डा खणलाही असता.

अर्थिंग धरून अप्पांचा आकडा एक लाख अकरा हजार होत होता, व्यंकटचा एक लाख चौदा. पण खोडलेल्या ओळीची बेरीज कुणी करत नाही. काम व्यंकटला मिळालं. भिंतींतून दोन-दोन तारा गेल्या, तिसरी नाही.

अप्पांनी आधी जावयाला गाठलं. सिद्धेश्वर दुकानाच्या पायरीवर येऊन हळूच म्हणाला, "मला पटतंय, मामा. पण बाबांसमोर मी बोललो, तर ते म्हणणार, सासऱ्याची दलाली करतो."

मग अप्पांनी सगळा अभिमान गिळला आणि थेट रामलिंगरावांना फोन लावला. गिलावा व्हायचा होता, अजून वेळ होता. "व्याही, पॉइंट व्यंकटलाच करू द्या. निस्तं अर्थिंग मी करतो. सामान माझं, मजुरी माझी. फुकट. हात जोडतो."

रामलिंगराव म्हणाले, "परवा सतरा हजार लागत व्हते, आज फुकट व्हायलंय. मंजे सतराच्या सतरा खाणारच व्हता की तुमी!"

माणसानं खरं बोलावं तरी ते आधीच्या खोट्यासारखंच ऐकू यावं, याहून वाईट गत नाही. अप्पांनी त्या रात्री जेवण सोडलं नाही, पण नीट मीठ घातलेली भाजी अळणी लागतेय म्हणून जगदेवीबाईंवर ओरडले.

गोष्ट नांदेडात राहिली असती तरी बरं. पण लग्नाच्या वेळचा व्हॉट्सॲपचा ग्रुप अजून जिवंत होता. रामलिंगरावांनी त्यावर अप्पांचा कागद टाकला, सतरा हजारांभोवती लाल गोल करून. दोन दिवसांत लातूर-निलंग्याच्या पाव्हण्यांनी तो वाचला, आणि तिसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकं विचारू लागली, "अप्पा, आमच्या कागदात देव कितीला धरला व्हता?"

निलंग्याकडचा सटवाजी तर घरी येऊन बसला. पंधरा वर्षांमागं अप्पांनी त्याचं घर केलेलं. "देवाचे साडेचार हजार परत द्या," म्हणाला.

"सटवाजी, तुमच्या दारातल्या चाफ्याखाली खड्डा हाय. त्यातच गेले ते पैसे. पंधरा वर्षांत घरात कुणाला करंट बसला का?"

"कुणालाच न्हाई."

"मग?"

"मग लागलंच कुठं ते अर्थिंग? उकरून घिऊन जावा तुमचं."

हे ऐकून जगदेवीबाईंनाही हसू आलं. पण अप्पांच्या तोंडाकडं बघून त्या चहा ठेवायला आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

अप्पा तरी नांदेडला फोन करतच राहिले. गिलावा झाला का? फरशी बसली का? अजून करता येईल, तारेपुरती भिंतीला एकच झिरी मारू. शेवटी एक दिवस सुकन्येचाच फोन आला. आवाज दाबून बोलत होती.

"अप्पा, आता हे बंद करा. रोज जेवताना तुमचाच विषय असतो. मामंजी म्हणतात, सूनबाई, पापड वाढलीस तर त्यात भाताचे पैसे धरू नको. सगळे हसतात."

"सिद्धेश्वर?"

"ते खाली मान घालून जेवतात." मग ती म्हणाली, "तुम्ही बोललाव की माझं इथलं राहणं अवघड व्हायलंय. करंटचं नंतर बघू. आधी हे तरी थांबवा."

"बरं," अप्पा म्हणाले.

त्यानंतर त्यांनी शब्द काढला नाही. वास्तुशांतीला गेले, आहेर दिला, जिलेबी खाल्ली. व्यंकटनं काम देखणं केलं होतं, हे त्यांनी स्वतःच्या तोंडानं चारचौघांत सांगितलं.

पंचमीला लेक आणायची म्हणून अप्पा पुन्हा नांदेडला गेले. आठवडाभर झड लागलेली, भिंतींना ओल आलेली. रामलिंगरावांनी बैठकीत बसवून घेतलं, पावसाची, सोयाबीनच्या भावाची चौकशी केली. वागायला वाईट नव्हते ते. अप्पा पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले.

सुकन्या चहा करत होती. दूध घ्यायला वळली, ओढणीचं टोक हाताला दोनदा गुंडाळलं आणि मग फ्रीजची मूठ धरली. दूध काढलं, गुंडाळलेल्या हातानंच दार लोटलं, ओढणी सोडून पुन्हा खांद्यावर टाकली. बोलणं एकीकडं चालूच होतं. आई कशी आहे, शेजारच्या म्हशीला काय झालं.

"कधीपासनं?" अप्पांनी विचारलं.

"काय कधीपासनं?" तिनं बापाच्या नजरेचा माग घेतला, तेव्हा तिला स्वतःचा हात दिसला. "ते होय. पाऊस लागल्यापासनं जरा झिणझिण्या येतात. सवय झालीय आता सगळ्यांना. सासूबाई मशीन लावताना पाटावर उभ्या राहतात. त्या म्हणतात, वाताचं हाय."

"व्याही काय म्हणतात?"

"ते फ्रीज उघडतच न्हाईत. पाणी मागून घेतात."

"ओला हात लावू नको बाई."

"हाव, अप्पा."

"आंघोळीला बसायच्या आधी गिझरचं बटण..."

"हाव म्हणलं ना. हळू बोला."

तेवढ्यात बैठकीतून आवाज आला, "व्याही! आमचे दिवे तपासायलाव का काय? सापडला का एखादा बंद?"

सुकन्येनं बापाकडं पाहिलं. तिच्या हातातली गाळणी तशीच राहिली.

"न्हाई," अप्पा मोठ्यानं म्हणाले. "सगळे चालू हायत."

"मग!" रामलिंगराव म्हणाले आणि खुशीत हसले.

दुपारच्या एसटीनं बापलेक लातूरला निघाले. खिडकीची काच बंद होत नव्हती. पावसाचे शिंतोडे आत येत होते. सुकन्या पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

"आठ दिवस ऱ्हातीस का?" अप्पांनी विचारलं.

"चारच म्हणून सांगितलंय, अप्पा. तिकडं सासूबाईंना एकटीला व्हत न्हाई."

लोहा गाव मागं पडल्यावर अप्पांनी पुन्हा तेच विचारलं.