वाचनालयाला दार नको

गेल्या रविवारी शिंगणापूरला, माझ्या आजोळी गेले होते. तिथल्या जुन्या दगडी धर्मशाळेशेजारी छोटंसं वाचनालय व्हायचंय... त्याचं मी केलेलं ड्रॉइंग गावकऱ्यांना दाखवायला.

सगळं जपून केलं होतं. नवी भिंत जुन्या दगडाला टेकणार नाही, छप्पर धर्मशाळेच्या छज्ज्यापेक्षा खालीच राहील. विटा मातीच्या, न भाजलेल्या. उजेड उत्तरेकडून, म्हणजे दिवसा दिवा नको. मग प्रिंट सगळ्यांपुढे उलगडली...

मावशीच्या शेजारच्या रखमाकाकूंनी दारावर बोट ठेवलं. हे काय म्हणून विचारलं. मी म्हटलं, दार. पुस्तकं आहेत, कुलूप नको का?

"पुन्याला जाऊन कुलूप शिकलीस व्हय गं?"

सगळे हसले. मीही हसले, पण कान तापले. इथे घरांना दारं नसतात, हे मला कुणी सांगायला हवं होतं का...

पण काळजी खरी होती. लोकांनी घरातली पुस्तकं काढून दिलीत. कुत्री शिरली, पाऊस आत आला, तर उत्तर मलाच द्यायचंय. दाराशिवाय हे काम माझ्याच्याने होणार नाही, असं मी सांगूनही टाकलं.

काकू शांतपणे म्हणाल्या, "फळी लावू की. तुजी मावशी लावत हुती तशी."

आणि ती फळी डोळ्यांसमोर आली... कुत्रं येऊ नये म्हणून रात्री उंबऱ्यावर उभी टेकवलेली. सकाळी मावशी तीच भिंतीला लावायची आणि तिच्यावर खडूने मला अक्षरं गिरवायला द्यायची. शाळेत जाण्याआधीची माझी शाळा ती.

मावशी गेली. तिच्या घराच्या जागी नवं घर झालं. फळीचं काय झालं, मी विचारलं... कुणालाच आठवत नव्हतं.

तिथेच बसून पेन्सिलीने दार खोडलं. पावसाचा सपका अडवायला पुढे खोल ओसरी काढली, पुस्तकांना झाकणाची कपाटं दिली. आणि काळा रंग दिलेली एक रुंद फळी... रात्री उंबऱ्यावर, दिवसा भिंतीला.

तिच्यावर पहिलं अक्षर कोण काढेल, माहीत नाही. मला मात्र सारखं वाटतं, पदराला हात पुसत मावशी येईल... आणि कुणाला हाक न मारता, सरळ आत येऊन खडू मागेल.