कार्डावरची चादर

माझ्याजवळ एक चित्रकार्ड आहे. त्यावर लॉजमधल्या एका खोलीचे रंगीत छायाचित्र आहे आणि त्या छायाचित्रात जवळपास काहीच खरे नाही. नारिंगी पडद्यामागे खिडकी नाही, भिंत आहे. पलंगाशेजारच्या लाल टेलिफोनची वायर टेबलामागे जाऊन संपते, कारण ती कशालाच जोडलेली नव्हती. खोली दिसते तेवढी ऐसपैसही नव्हती. छायाचित्रकार दाराला पाठ लावून उभा होता आणि त्याची लेन्स रुंद कोनाची होती. छपाईत लाल रंग किंचित सरकल्यामुळे दिव्याच्या गोल शेडला दोन कडा आल्या आहेत. या सगळ्यात खरी वस्तू एकच, पलंगावरची चादर. ती आमची होती.

आईने ती स्वतःच्या लग्नाआधी भरली होती. दुसुतीचे कापड, फुल्यांचा टाका, मध्ये कमळ आणि चारी कडांना मोर. तिच्या रुखवतात ती मांडली होती आणि पुढे ताईच्या, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीच्या, रुखवतात मांडायची हे ताईच्या जन्मापासून ठरलेले होते. वर्षभर ती कडुनिंबाचा पाला घालून ट्रंकेत असे. फक्त दिवाळीत डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांपैकी बाहेरच्या खोलीतल्या पलंगावर येई.

अशाच एका दिवाळीत बाबांचे बालमित्र, ज्यांना आम्ही काका म्हणत असू, फराळाला आले. ऐंशीचे दशक सरत आले होते. काकांनी माजिवड्याला, नाशिककडे जाणाऱ्या वाहनांच्या आशेवर, नवे लॉज काढले होते. अमेरिकेतल्या कुणा नातेवाइकाने पाठवलेली तिकडच्या मोटेलांची कार्डे ते तेव्हा शर्टाच्या खिशात घेऊन हिंडत. प्रत्येक कार्डावर एक खोली, आणि प्रत्येक खोलीत पडदे, दिवा आणि पलंगपोस एकाच रंगाच्या कुटुंबातले.

“वहिनी, हे बघा. तिकडे साध्या हायवेवरच्या लॉजात असली खोली! सगळं कसं मॅचिंग.” त्यांच्या एका हातात चकली होती, दुसऱ्यात कार्ड. मग त्यांची नजर पलंगावर गेली. “अरे, ही चादर द्या की मला! मी पण कार्ड छापतोय. दोन दिवस फक्त. फोटो झाला की परत.”

आईने बाबांकडे पाहिले. बाबांनी चिवड्याकडे पाहिले. आमच्या घरात होकार असाच दिला जाई.

फोटोच्या दिवशी चादर पोचवायला बाबांबरोबर मीही गेले. मी तेव्हा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते आणि कोणत्याही मांडणीतली त्रुटी दाखवणे हे स्वतःचे कर्तव्य समजत होते.

“काका, हा फोन लागतो?”

“फोटोतून कोण फोन लावतंय, सायंटिस्ट? बाजूला हो, तुझी सावली पडतेय.”

चादर परत आली नाही. यात फसवणूक नव्हती. गल्ल्यावर ठेवलेले कार्ड पाहून गिऱ्हाईक “हीच खोली द्या” म्हणू लागले आणि चादरीशिवाय ती खोली ‘हीच’ राहत नव्हती. आई बाबांना आठवण करायला पाठवी. बाबा चहा पिऊन आणि नवी कार्डे घेऊन परत येत.

“आणलीत?”

“अगं, विषयच काढता आला नाही. समोर गिऱ्हाईक होतं.”

पुढच्या खेपेला काकांच्या सासऱ्यांचे पथ्यपाणी निघाले. त्यापुढच्या खेपेला बाबांनीच सांगून टाकले, “एका चादरीसाठी काय मागायचं माणसाला?” देताना भीड नडली होती, मागतानाही तीच नडत होती. असे जवळजवळ दीड वर्ष गेले.

मग काकांनी ताईसाठी स्थळ आणले. नाशिकचे, त्यांच्या लांबच्या नात्यातले. मुलगा इंजिनीअर होता, ताईला आवडला होता, आणि ताई सहसा काही आवडल्याचे बोलून दाखवत नसे. साखरपुडा आमच्याच घरी झाला. मुलाच्या आई मोकळ्या स्वभावाच्या होत्या.

“आम्हाला मानपान काही नको. माझी हौस एकच, रुखवत मुलीकडच्यांच्या हातचं हवं. हल्ली भाड्यानं आणून मांडतात, ते नको बाई.”

आईचा चेहरा उजळला. पण तेवढ्यात विहीणबाईंनी पर्समधून कार्ड काढले आणि काकांकडे हात केला. “आणि आमची उतरायची सोय इथे केलीय ना? ह्यांनी कार्ड पाठवलं आधीच. काय खोली आहे! ही चादर बघितलीत का?”

कार्ड या हातातून त्या हातात फिरत आईकडे आले. तिने ते नीट पाहिले आणि शेजारच्या मावशींकडे दिले. ताई काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात काका हसत म्हणाले, “आमच्या लॉजचं वैशिष्ट्यच आहे ते!” ते इतक्या सहज म्हणाले, की चादर कुणाची हे ते तोवर खरोखरच विसरले असावेत, असे मला आजही वाटते.

पाहुणे गेल्यावर मी प्रश्नाचे पृथक्करण केले. चादर आणायची आणि रुखवतात मांडायची.

“म्हणजे लॉजच्या पलंगावरची चादर उचलून आम्ही मांडली, असं होईल,” आई म्हणाली.

“मग खरं काय ते सांगायचं. एका मोराचा पिसारा अर्धाच राहिलाय, तुलाच माहीत आहे तो कुठला. सिद्ध होईल.”

“आणि भावजी खोटे पडतील. स्थळ आणणारा माणूस उसन्या चादरीवर लॉज चालवतो, हे ताईच्या सासरी कळायला हवं का? तुमच्या कॉलेजात सिद्ध करतात तसं लग्नघरात करत नाहीत गं.”

मी तिसरा मार्ग काढला. काकांना बाजूला घेऊन चादर आताच परत मागायची, त्यांना त्या पलंगासाठी दुसरी घेऊन द्यायची, आणि विहीणबाईंनी विचारलेच तर नमुना सारखाच आहे म्हणायचे. आई दोन दिवस विचार करत राहिली. मग आम्ही दोघी माजिवड्याला गेलो.

काका बाहेर गेले होते. मॅनेजरने खोली उघडून दिली. पडद्याचा नारिंगी रंग उडाला होता, टेलिफोन गेला होता. चादर पलंगावर होती. आईने अर्ध्या पिसाऱ्याचा मोर शोधला आणि तो कोपरा उलटा केला. तिथे काळ्या रंगात लॉजच्या नावाचे अक्षर होते आणि खोलीचा नंबर.

“धोब्याची खूण, बाई,” मॅनेजर म्हणाला. “नाहीतर अदलाबदल होते कपड्यांची.”

आईने कोपरा पुन्हा सुलटा केला, गादीखाली नीट खोचला, सुरकुती हाताने सपाट केली. “चांगली ठेवलीय,” ती म्हणाली. आम्ही काकांची वाट न पाहता निघालो.

मी मात्र सोडले नव्हते. डाग म्हणजे पदार्थ, आणि पदार्थावर उपाय असतो, एवढे शिक्षण माझे झाले होते. आमच्या धोब्याची तशीच खूण असलेला बाबांचा एक रुमाल मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेला. ही खूण बिब्ब्याच्या तेलाने करतात. चुना लागला की ते सुतातच काळे होऊन बसते. मी अल्कोहोल वापरून पाहिले, ऑक्झॅलिक आम्ल वापरले, शेवटी ब्लीचिंग पावडर. रुमालाची निळी किनार आधी गेली. मग खुणेभोवतीचे कापड विरले आणि भोक पडले. भोकाच्या काठावर अक्षराचा उरलेला भाग होता तसाच काळा होता.

आईने तो रुमाल उजेडात धरून पाहिला.

“एवढं शिकतेस, आणि एक खूण निघत नाही?” तिने खरोखरच विचारले होते, टोमणा नव्हता.

“नाही निघत.”

“बरं,” ती म्हणाली आणि भाजी चिरायला बसली.

नवी चादर भरण्याइतका अवधी नव्हता. तिने दुसुतीचा उरलेला तुकडा काढला आणि त्यावर एकच मोर भरला, ताट झाकण्याच्या रुमालाएवढा. दुपारी घरातले आवरून ती खिडकीशी बसे. तिला आता चष्म्यातूनही टाक्यांची घरे नीट मोजता येत नव्हती, म्हणून ती मोजत असे आणि मी पडताळून सांगत असे. माझ्या साऱ्या विज्ञानाचा त्या लग्नात झालेला उपयोग तेवढाच.

लग्न ठाण्याच्या एका कार्यालयात झाले. रुखवतात सुपारीचे वाजंत्री होते, साखरेची सात पावले होती, आणि मध्यभागी आईचा मोराचा रुमाल. रात्रभर माजिवड्याच्या खोलीत विसावून आलेल्या विहीणबाई सगळे पाहत पाहत रुमालाशी थांबल्या.

“हे तुमच्या हातचं?”

“हो. थोडंसं,” आई म्हणाली.

“बाई, काय सफाई आहे! अगदी त्या लॉजच्या चादरीसारखा मोर. काल मी त्याच चादरीवर झोपले ना, हात फिरवून पाहिला. अहो, तसला टाका हल्ली कुणाला येतो?” त्यांनी पर्स उघडली आणि कार्ड बाहेर काढले. “हे ठेवा तुमच्याकडे. तुम्हाला हात आहे. यावरून नमुना उतरवून घ्या, आणि आमच्या सूनबाईंसाठी एक चादर भरा सावकाशीनं.”

मी काकांकडे पाहिले; ते अक्षतांच्या ताटापाशी कुणाला तरी हसून काही सांगत होते. ताईकडे पाहिले, ती मुंडावळ्या सावरत होती आणि खूष दिसत होती. मला संपूर्ण युक्तिवाद पाठ होता, क्रमाने, पुराव्यासकट. मी तोंड उघडले.

आईने कार्ड दोन्ही हातांनी घेतले.

“बरं झालं, नमुना मिळाला,” ती म्हणाली. मग माझ्याकडे न पाहता, “अगं, विहीणबाईंना पाणी आण.”

मी पाणी आणायला गेले.