चिकूने पाणी दाखवलं

हसू नका असं सांगून उपयोग नाही, तुम्ही हसणारच! हसा. फक्त माझ्या कुत्र्याला काही बोलायचं नाही. फजिती झाली ती माझी, त्याची नव्हे.

आमची पोरगी नोकरीसाठी पुण्याहून परदेशी गेली आणि जाताना तिचा चिकू आमच्याकडे पिंपळनेरला ठेवून गेली. आयरिश वॉटर स्पॅनियल! नुसतं नाव तोंडात बसवायला मला आठवडा लागला. अंगभर तपकिरी कुरळे केस, डोक्यावर बटांचा टोप, आणि शेपूट? थेट उंदराची, तुळतुळीत! पाण्याचं तर असं वेड, की गुरांच्या हौदात उतरला की बाहेर यायचं नाव नाही. बैल बिचारे तहानलेले काठावर उभे.

त्याला घेऊन चौकात निघालो की माझी छाती आपोआप फुगायची. एकदा चहाच्या टपरीपाशी आमच्या शेताचे शेजारी भिला आबा भेटले.

"भाऊ, हाई कुत्रं शे का मेंढरू?"

मेंढरू? माझ्या चिकूला? "आबा, अख्ख्या धुळे जिल्ह्यात असा दुसरा दाखवा! पाण्याचा कुत्रा आहे हा, पाण्याचा!"

आबांचे डोळे चमकले. "म्हंजे जमिनीमधलं पाणी शोधस? मना वावरमा बोर मारना शे."

आता इथंच "नाही हो आबा, त्याला पोहायला आवडतं" म्हणायला काय झालं होतं? पण सगळी टपरी माझ्याकडे बघत होती हो! मी म्हणालो, "नाक बघा त्याचं, आबा. वास लागला की झालं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांच्या शेतात ही गर्दी! नारळ, उदबत्ती, चिकूच्या गळ्यात झेंडूचा हार. पट्टा धरून मी पुढे, नवरदेवाच्या बापासारखा.

चिकू हुंगत हुंगत निघाला. बांधाजवळ थबकला. नाक जमिनीला लावलं, कुईकुई केलं आणि दोन्ही पंजांनी माती उकरायला लागला. सगळी माती आबांच्या धोतरावर!

"इथंच!" मी ओरडलो. "पहार आणा!"

कुत्रा माझा, मग पहिला घाव दुसऱ्या कुणाला घालू देईन होय? स्वतःच शर्टाच्या बाह्या वर सारल्या. खोल खणत गेलो, आणि एका घावासरशी फर्रर्र! पुरुषभर उंच कारंजं!

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. आबांनी मला कडकडून मिठी मारली. चिकू चिखलात लोळून नाचत होता. खरं सांगतो, अभिमानानं डोळे भरून आले माझे.

तेवढ्यात बायकोचा फोन, पलीकडच्या आमच्या शेतातून. "अहो, मोटर चालू आहे, पण कांद्याला पाणीच येत नाहीये!"

माझ्या हातातली पहार गळून पडली. आमच्या विहिरीवरची पाईपलाईन आबांच्याच बांधाच्या कडेने कांद्याकडे जाते. पुरून कुणी घेतली होती? मीच, उन्हात उभा राहून!

आबांनी मिठी सोडली. वाकून फुटलेला पाईप पाहिला. "भाऊ, पाणी तर खरंच शोधं त्यानी."

शोधलंच की! एवढ्या मातीखालचा ओलावा ओळखणं म्हणजे खायचं काम आहे का? नाव तर झालंच चिकूचं. संध्याकाळी साक्रीहून एका अनोळखी शेतकऱ्याचा फोन आला.

"पाणी शोधणारं कुत्रं तुमनंच का?"

"हो हो, आमचंच! कधी घेऊन येऊ?"

"कुत्राले धाडी द्या. तुम्ही मातर नका येवू. आमना वावरमा बी पाईपलाईन शे."