उलट्या वाटेची मेथी

शनिवारी मी नंदुरबारहून गावी निघतो, तेव्हा माझ्या पिशवीकडे बघून एस.टी.तले लोक हसतात. रनाळ्याच्या पुढच्या गावांतून माणसं शहरात भाजी नेतात, आणि मी शहरातून गावी. एकदा एकाने विचारलंच, "काय भाऊ, गावले मेथी ली चालना?" हसणारच! मेथी आमच्याच शिवारातली. ती पहाटे टेम्पोने नंदुरबारच्या मार्केटला येते, तिथून लोटगाडीवर माझ्या दारात येते आणि मी तिला बिनतिकिटाची परत नेतो.

गावातल्या दुकानात मिळतात कांदे, बटाटे आणि चिप्सच्या माळा. पाला हवा तर रनाळ्याचा बाजार गाठा. आईला ते जमत नाही. साखरेच्या आजाराने तिच्या पायाची जखम भरत नाही. डॉक्टरांनी बजावलंय, गोड बंद, पालेभाजी रोज. रोज! या शब्दाचाच मला संताप येतो.

मध्यंतरी एकदा परतीची शेवटची एस.टी. चुकली म्हणून रात्री राहिलो. त्याच दुपारी आईने सगळी मेथी एकदम शिजवली होती आणि लंगडत तीन घरी वाट्या देऊन आली होती. आमच्याकडे वाटी रिकामी परत करत नाहीत. संध्याकाळी एकीतून बटाट्याची भाजी आली, दुसरीतून खिचडी, तिसरीतून शिरा. आई शिऱ्याला हात लावणार तोच मी वाटी ओढली.

"तुझ्यासाठी आणलेली भाजी गावाला वाटतेस आणि वर हे खातेस? पाय घालवायचाय का?" माझा आवाज शेजारी गेलाच असणार.

ती शांतपणे म्हणाली, "बापू, तुन्ही मेथी दोन दिन पुरस. बाकीना दिन ह्या वाट्याच माले जगाडतस."

पाय ठणकला की तिची चूल पेटत नाही, हे तिने फोनवर कधी सांगितलं नव्हतं. मी शिरा स्वतः खाल्ला, खिचडी तिच्यापुढे सरकवली.

आता मी चार घरांपुरती मेथी नेतो. तरी जिवाला स्वस्थता नाही. आज बुधवार, शनिवारची मेथी केव्हाच संपली असेल. लोटगाडीवाला सकाळपासून दुसऱ्यांदा हाळी देतोय. बायको म्हणतेय, शनिवारपर्यंत मेथी ठेवायला फ्रिजमध्ये जागा नाही. आणि मी दारात येरझारा घालतोय. आज आईकडे कोणाची वाटी आली असेल का?