शमशादभाभींची बेदाण्याची ताटली

मिस्बाहच्या गोष्टीत सन एकवीसशे नव्वद उजाडलं होतं आणि जगात एकही चष्मा शिल्लक नव्हता. मूल जन्मलं की तिसऱ्या दिवशी एक यंत्र त्याच्या डोळ्यांवरून निळा उजेड फिरवायचं, की झालं. शंभर वर्षं नजर पक्की. चष्मे ठेवले होते संग्रहालयात, काचेच्या कपाटात, आणि शाळेची पोरं ते बघून खिदळत होती.

ही गोष्ट ती वाचत होती कुठे, तर तासगावातल्या चष्म्याच्या दुकानात. आणि ऐकत होती कोण, तर दुकानाची मालकीण, तिची सख्खी दादी, शमशाद तांबोळी.

"म्हंजे मी तवा काचेच्या कपाटात?" दादीने विचारलं.

"तू कशाला? तू तोवर सव्वादोनशे वर्षांची झालेली असशील."

"मग तर चष्मा लागंलच की मला!"

मिस्बाहने वही मिटली. सांगलीच्या कॉलेजात विज्ञानकथांची स्पर्धा होती आणि शनिवार शेवटचा दिवस. चष्मे तिने जगातून घालवले ते काही विज्ञानासाठी नव्हे. तिसरीत चष्मा लागला तेव्हापासून दहावीपर्यंत वर्गाने तिला "ढापणी" म्हटलं होतं. त्याचा हा हिशेब होता, दुसरं काही नाही. दादीला ते ठाऊक होतं, म्हणून ती फार चिडवत नव्हती.

शमशादभाभींचं दुकान म्हणजे सहा पावलं लांब आणि चार पावलं रुंद. नवरा, रमजान, वारला तेव्हा त्यांना भिंगं घासता येत होती, फ्रेमी बसवता येत होत्या, पण गिऱ्हाइकाशी बोलायची सवय नव्हती. ती महिनाभरात झाली. घरात दखनी, दुकानात मराठी आणि भांडण दोन्हीत, असा त्यांचा कारभार. रमजानचा अक्षरांचा तक्ता भिंतीवर होता. बेदाण्याच्या शेडवर निवडणीला जाणाऱ्या बायका तो बघून म्हणायच्या, "भाभी, आमाला अक्षार चष्म्याबिगर बी कळत न्हाई आन् चष्म्यानं बी कळायचं न्हाई." खरंच होतं ते. मग शमशादभाभींनी घरून एक स्टीलची ताटली आणली, तीत मूठभर बेदाणे टाकले आणि टेबलावर ठेवली. निवडणीत बेदाण्याला चिकटलेली बारीक काडी दिसली पाहिजे, बाकी त्या बायांना दुसरं काय वाचायचंय?

तेव्हापासून त्या कुणालाच "नंबर काय?" असं विचारत नसत. विचारायच्या, "काय बघायचंय?" पोथी वाचणारा पोथी जवळ धरतो. शिंप्याची सुई त्याहून जवळ. बेदाणा मात्र टेबलावर असतो, हाताच्या अंतरावर. त्याला भिंग हलकं लागतं. वाचायचं जड भिंग दिलं तर बाई दिवसभर टेबलावर ओणवी. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर हे कधी लिहिलेलं नसतं, कारण डॉक्टरांनी बेदाणे फक्त खाल्लेले असतात.

मिस्बाह वही पिशवीत घालत होती तेवढ्यात निवडणीला जाणारी राहीबाई आली. पंधरा दिवसांपूर्वीच तिने चष्मा नेला होता.

"भाभी, काडी ढिली झालीया."

"कुटली? बेदाण्याची का चष्म्याची?"

"आवं, चष्म्याची!" राहीबाई हसली आणि हसता हसता कळवळली. तिच्या अंगाला बामाचा वास येत होता, गळ्याभोवती जुन्या साडीची पट्टी होती.

"मानंला काय झालं गं?"

"धरलीया. पंधरा दिस झालं. वय झालं म्हणायचं, आनी काय."

पंधरा दिवस म्हटल्यावर मिस्बाहने मान वर केली. तिने चष्मा हातात घेतला, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या रेघेसमोर धरला आणि हळूच हलवला. जवळच्या चष्म्याचं भिंग हलवलं की पलीकडची रेघ उलटी पळते. मग पेटीतली उलट्या नंबरची भिंगं एकेक करून वर लावायची. रेघ जिथं थांबेल तो नंबर. हे तिला दादीनेच शिकवलं होतं. दीडला रेघ थांबली नाही. दोनला नाही. अडीचला थांबली.

"दादी, हिला किती द्यायचा होता?"

"दीड. टेबलासाठी. का?"

"हा अडीचचा आहे." शमशादभाभींनी खण उघडला, भिंगांची कागदी पाकिटं काढली, एक दाराशी उजेडात नेलं, डोळ्यांपासून लांब धरलं, जवळ धरलं. दीड की अडीच, पहिला आकडा एक की दोन, काही केल्या ठरेना. वर्षभर त्या म्हणत होत्या की दुकानातला बल्ब हलका आहे. दोनदा बदलला. तिसऱ्यांदा दुकानदाराशी भांडून बदलला.

"राहीबाई," त्या म्हणाल्या, "वाकून वाकून काम करतीस, मान मोडून घेतलीस, मग आलीस का न्हाईस सांगायला?"

राहीबाई ओशाळली. जणू चूक तिचीच. "तुमी दिलेला चष्मा, भाभी. तुमचं चुकतंय व्हय? मला वाटलं, माझंच डोळं बिघाडलं."

शमशादभाभी खाली बसल्या. शिव्या दिल्या असत्या तर त्यांनी दोन परत दिल्या असत्या आणि मोकळ्या झाल्या असत्या. ह्या विश्वासाचं काय करायचं ते त्यांना कळेना.

मिस्बाहने दीडची भिंगं शोधून बसवली, राहीबाईपुढे ताटली ठेवली. राहीबाईने ताठ बसून पाच काड्या पटापट उपटल्या. मग मिस्बाहने ताटली हलवली, काड्या पुन्हा मिसळल्या आणि ती दादीपुढे सरकवली.

"आता तू."

"चल, मला काय करायचंय?"

"दादी, काय बघायचंय तुला?"

स्वतःचा प्रश्न स्वतःकडे आलेला शमशादभाभींनी पहिल्यांदा ऐकला. त्यांनी ताटलीत बोटं घातली. एक काडी सापडली, तीही बोटाला टोचली म्हणून. बाकी सगळं पिवळसर धुकं. राहीबाई दुसरीकडे बघत राहिली, फार समजूतदार बाई.

दुपारचे तीन वाजले होते. शमशादभाभींनी शटर ओढलं. दुकान उघडायचं की नाही, हे आता त्यांच्या डोळ्यांवर ठरणार होतं. चुकीचा चष्मा देणारी चष्मेवाली म्हणून बसून राहणं त्यांना जमणारं नव्हतं, आणि घरी बसणं तर त्याहून नाही.

सांगलीचा डोळ्यांचा डॉक्टर कोवळा होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एवढे दिवस थांबलात कशा, असं त्याने विचारलं. "बल्ब बदलत हुते," शमशादभाभी म्हणाल्या.

मग त्याने समजावलं. डोळ्यात बसवायचं भिंग एका अंतराला नीट दिसेल असं असतं. बहुतेक लोक लांबचं घेतात. आणखी एक नवं निघालंय, ते बसवलं तर चष्मा जवळजवळ सुटतो. "तुमचा चष्माच जाईल, आजी," तो खुशीत म्हणाला.

"माझा चष्मा जाईल? मी इकतीया रं चष्मं!"

मिस्बाहने कपाळाला हात लावला. दादीने पिशवीतून डबा काढला, डॉक्टरच्या टेबलावर झाकणात बेदाणे ओतले, खुर्चीत ताठ बसून हात लांब केला. "हितं. ह्या बोटापाशी लख्ख दिसाय पायजे. काडी दिसाय पायजे."

"पण मग लांबचं बघायला चष्मा लागेल. वाचायलाही लागेल."

"लागू दे की. दुकान कुणाचं हाय?"

डॉक्टरने मिस्बाहकडे बघितलं. मिस्बाह म्हणाली, "लिहा सर, ती ऐकणार नाही." त्याने बोटापासून डोळ्यापर्यंतचं अंतर चक्क टेपने मोजलं आणि कागदावर लिहिलं. दोघी निघाल्या तेव्हा बेदाणे मात्र त्याने ठेवून घेतले.

एक डोळा झाला, तीन आठवड्यांनी दुसरा. दुकान उघडलं त्या सकाळी शमशादभाभींनी पहिल्यांदा ताटली बघितली आणि त्यांना शरम वाटली. सोनेरी समजून ज्या बेदाण्यांवर त्यांनी अख्खा हंगाम नजरा तपासल्या, ते काळे पडून साखरले होते. ते फेकले, नवे आणवले. मग भिंती बघितल्या, फ्रेमींवरची धूळ बघितली, बल्बवाल्याची मनातल्या मनात माफी मागितली. मिस्बाहच्या हनुवटीवर तीळ होता. तो कवा आला म्हणून विचारलं, तर वर्ष होऊन गेलं म्हणाली.

"तुझ्या गोष्टीचं काय झालं?"

"दिली. नंबर नाही आला."

"वाच तरी. बदललीस म्हणं."

मिस्बाहने वही काढली. निळ्या उजेडाचं यंत्र तसंच होतं, संग्रहालयही होतं. फक्त शेवटी नवा परिच्छेद होता: तासगावात एक दुकान अजून उघडं होतं. यंत्राने सगळ्या जगाला एकाच मापाची नजर दिली होती आणि यंत्राचं चुकत नाही असं सगळे धरून चालत होते. म्हणून ज्यांची मान दुखायची ती माणसं वय झालं असं समजून गप्प बसायची. त्यातली काही ह्या दुकानात यायची. तिथली म्हातारी त्यांच्यापुढे एक ताटली ठेवायची.

"म्हातारी म्हनलीस मला?"

"सव्वादोनशे वर्षांची आहेस त्यात."

"ढापणी हाय का ती?"

मिस्बाहने आपला चष्मा नाकावर सरकवला. "हो," ती म्हणाली. "ढापणी आहे."

तेवढ्यात राहीबाई आली, मान सरळ, पट्टी गेलेली. बरोबर नणंद होती, तिलाही चष्मा हवा होता. शमशादभाभींनी नणंदेला बसवलं, ताटली पुढे केली, काय बघायचंय ते विचारलं, दीड-पावणेदोन करत भिंग ठरवलं. पाकीट बोटाच्या अंतरावर धरून आकडा वाचला, मग मिस्बाहकडूनही वाचून घेतला. चष्मा तयार झाला. नणंदेने हात पुढे केला, तर शमशादभाभींनी चष्मा मागे घेतला.

"आदी म्हण, भाभी, तुमचं चुकलं."

"आवं, काय चुकलंय?" नणंद घाबरली.

"काय बी न्हाई. सराव हाय. उद्या मान दुकली तर यिऊन म्हणता आलं पायजे. म्हण."

नणंदेने राहीबाईकडे बघितलं. राहीबाईने पदर तोंडाला लावला होता.

"आन् तू गं? तू बी म्हण. तुझं तर पंधरा दिसांचं र्‍हायलंय."

"भाभी, तुमचं..." राहीबाई म्हणाली, आणि पुढचा शब्द काही तिच्या तोंडून निघेना. दोनदा सुरुवात केली, दोन्ही वेळा हसू आलं, तिसऱ्यांदा डोळे भरले. शमशादभाभींना ते बोटाच्या अंतरावरून स्पष्ट दिसलं.

"बरं, ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "पर चष्मा तवर मिळायचा न्हाई. बसा. मिस्बाह, चा सांग."